मॅग्नेटो बरोबर होता म्हणणारे : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

विषय आज पक्का केला. सुपरहिरो चित्रपटांतल्या काही व्हिलनबद्दल फॅन ठामपणे म्हणतात की तो बरोबर होता. असं म्हणताना त्यांचा रोख कशावर असतो, आधार कशाचा असतो आणि ते कुठे अडखळतात, हे गोळा करून एक मोठा व्हिडिओ-निबंध करायचा. मध्यभागी मॅग्नेटो, म्हणजे एक्स-मेन कथांमधला, जन्मतः अलौकिक शक्ती असलेल्या म्युटंटांसाठी माणसांशी लढणारा धातूचा स्वामी. त्याच्या जोडीला ‘ब्लॅक पँथर’मधला किलमाँगर. या दोघांवरून जे हाती लागेल ते ताडून पाहायला थॅनोस, संसाधनं पुरावीत म्हणून विश्वातले निम्मे जीव संपवणारा.

लोकी आणि जोकर बाहेर ठेवले आहेत. लोकीवर, थॉरच्या त्या कपटी भावावर, लोक जीव टाकतात, पण त्यांच्या ॲसगार्ड या राज्याचं सिंहासन त्यालाच मिळायला हवं होतं असं फारसं कुणी हिरिरीने मांडत नाही. जोकरचं आकर्षण वेगळ्याच जातीचं. मॅग्नेटोच्या बाबतीत मात्र लोक त्याच्या म्हणण्याची बाजू घेतात, प्रसंग काढून दाखवतात, वकिलासारखे भांडतात. मी स्वतः कित्येक वर्षं त्यांच्याच बाजूने बोलत आले आहे. म्हणूनच हे नीट तपासून पाहायचं आहे.

९ जानेवारी

आधी घोषणेचा माग काढला. ‘मॅग्नेटो वॉज राइट’ हे वाक्य कॉमिक्समधूनच बाहेर आलं. ग्रँट मॉरिसनच्या ‘न्यू एक्स-मेन’मध्ये २००३ साली प्रोफेसर झेवियर या मन वाचणाऱ्या, माणसांशी समेट हवा असलेल्या म्युटंटाच्या शाळेतला क्वेंटिन क्वायर हा हुशार आणि चिडलेला पोरगा ते टी-शर्टवर मिरवतो. याच मालिकेत त्याआधी जिनोशा बेटावरचे एक कोटी साठ लाख म्युटंट मारले गेलेले असतात, तेव्हा पोराच्या रागाला कारण आहेच. पण कथा त्याच्या पाठीशी उभी राहत नाही. त्याचं बंड शाळेतच दंगल माजवतं आणि शाळेतल्याच मुलांचा जीव जातो.

पुढे फॅननी तोच टी-शर्ट खरोखर अंगावर चढवला, आणि कथेने त्या पोरापासून राखलेलं अंतर गळून पडलं. २०२४ मध्ये ‘एक्स-मेन ९७’ या ॲनिमेटेड मालिकेत जिनोशाच्या संहारानंतर हेच वाक्य व्हॅलरी कूपर या सरकारी यंत्रणेत मुरलेल्या बाईच्या तोंडी येतं, पूर्ण गांभीर्याने. वाक्य कथेतून फॅनकडे गेलं आणि वीसेक वर्षांनी वजन वाढवून कथेत परतलं. फॅनचा अर्थ हा कथेला बाहेरून चिकटवलेला असतो असं मानणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं.

१४ जानेवारी

एक समज जवळपास सगळीकडे आढळतो. प्रोफेसर झेवियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग, मॅग्नेटो म्हणजे त्याच काळातले काळ्यांचे आक्रमक नेते माल्कम एक्स, आणि एक्स-मेनचे निर्माते स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी पहिल्या दिवसापासून हेच योजलं होतं. १९६३ चा पहिला अंक पुन्हा काढून वाचला. त्यातला मॅग्नेटो लष्करी तळ ताब्यात घेतो, म्युटंटांच्या राज्याच्या वल्गना करतो आणि मार खाऊन पळतो. त्याच्या दुःखाची एक ओळही तिथे नाही.

त्याला भूतकाळ मिळाला तो १९८१ मध्ये, क्रिस क्लेरमॉन्टने लिहिलेल्या १५०व्या अंकात. तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. झटापटीत किटी प्राइड ही कोवळी मुलगी त्याच्या यंत्राची नासधूस करते आणि तो तिच्यावर विजेचा घाव घालतो. ती कोसळते. जवळ गेल्यावर त्याला दिसतं की हे तर एक पोर आहे. तिला उचलून हातात धरलेलं असताना त्याला ऑशविट्झची नाझी छावणी आठवते, आपली माणसं आठवतात. किटी ज्यू आहे हे वाचकाला माहीत असतं. ती वाचते, पण मॅग्नेटो पूर्वीसारखा राहत नाही. आणि याच अंकात, थोडं आधी, त्याने एक सोव्हिएत पाणबुडी आतल्या माणसांसकट बुडवलेली आहे. फॅन किटीचा प्रसंग आठवतात. पाणबुडीतल्या खलाशांना चेहरे नाहीत, त्यांची आठवण कोण काढणार?

क्लेरमॉन्टने या बदलामागे मेनाकेम बेगिन यांचं नाव घेतलं आहे. भूमिगत सशस्त्र लढ्यातून आलेला, पुढे इस्रायलचा पंतप्रधान झालेला आणि १९७८ च्या शांततेच्या नोबेलचा मानकरी ठरलेला माणूस. माल्कम एक्सचा धागा ठळकपणे ओवला तो चित्रपटाने. २००० सालच्या ‘एक्स-मेन’च्या शेवटी प्लॅस्टिकच्या तुरुंगात बसून मॅग्नेटो झेवियरला सांगतो की युद्ध येतंय आणि मी ते ‘बाय एनी मीन्स नेसेसरी’, लागेल त्या मार्गाने, लढणार. माल्कम एक्स यांच्या १९६४ च्या भाषणांशी जोडले गेलेले हे शब्द अमेरिकन प्रेक्षकाला सहज ओळखू येतात.

या तुलनेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला पटतो. माल्कम एक्स यांनी कधी कुठल्या जमातीचा संहार योजला नव्हता. स्वसंरक्षणाचा हक्क मागणारा माणूस आणि एक्स-मेनच्या दुसऱ्या चित्रपटात पृथ्वीवरची सगळी माणसं मारायला निघालेलं पात्र यांना एका ओळीत बसवणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं. तुलनेने मॅग्नेटोची उंची वाढते, पण माल्कम एक्स यांच्यावर अन्याय होतो. हा मुद्दा स्क्रिप्टमध्ये जाणारच.

१९ जानेवारी

आजचा अख्खा दिवस ‘एक्स-मेन: फर्स्ट क्लास’ (२०११) च्या शेवटच्या अर्ध्या तासात गेला. संकलन करणारा मित्र सोबत होता. एकेक शॉट थांबवून पाहिला.

पाणबुडीतला प्रसंग असा. समोर सेबॅस्टियन शॉ, ज्याने छावणीत लहानग्या एरिकला, म्हणजे पुढच्या मॅग्नेटोला, टेबलावरचं नाणं हलवायला सांगितलं होतं आणि तीन आकडे मोजून त्याच्या आईला गोळी घातली होती. झेवियरने दूरवरून शॉचं मन पकडून ठेवलंय, त्यामुळे शॉ जागच्या जागी खिळलेला. एरिक खिशातून तेच नाणं काढतो. त्याआधी तो शॉला जे सांगतो ते महत्त्वाचं आहे: तू म्हणालास त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे, भविष्य आपलंच आहे, पण तू माझ्या आईला मारलंस. मग तीन आकडे मोजतो आणि नाणं शॉच्या कपाळातून आरपार काढतो. अत्यंत सावकाश. शॉचं मन झेवियरच्या ताब्यात असल्यामुळे किंकाळी फुटते ती झेवियरला. नंतर एरिक बाहेर येतो तो शॉचंच हेल्मेट डोक्यावर घेऊन.

शॉची योजना काय होती? अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुयुद्ध पेटवायचं, माणसं संपली की उरलेलं जग म्युटंटांचं. आईच्या खुन्याचा विचार स्वीकारून, त्याचीच टोपी घालून एरिक मॅग्नेटो होतो. चित्रपटाने हे झाकून ठेवलेलं नाही, ठसठशीत दाखवलंय.

मग किनारा. दोन्ही आरमारं म्युटंटांवर क्षेपणास्त्रं सोडतात. ज्यांनी नुकतंच युद्ध टाळलं त्यांच्यावरच. एरिक ती हवेत थोपवतो आणि उलटी फिरवतो. झेवियर विनवतो की त्या जहाजांवर हजारो निरपराध माणसं आहेत, ती फक्त हुकूम पाळताहेत. हे शब्द कुणाला ऐकवतोय याचं भान झेवियरला उरलेलं नाही. हुकूम पाळणाऱ्या माणसांच्या हाती मी एकदा सापडलो होतो, पुन्हा कधीच नाही, असं एरिक म्हणतो आणि क्षेपणास्त्रं सुटतात.

इथे माझ्या अंगावर आजही काटा येतो. झेवियरकडे त्या क्षणी उत्तर नाही. चित्रपटाकडेही नाही.

मित्राने एक गोष्ट दाखवून दिली. एरिकची बाजू घेणाऱ्या ज्या क्लिप आम्ही जमवल्या, त्यांतल्या बहुतेक किनाऱ्यावर सुरू होतात आणि त्या वाक्यावर संपतात. पाणबुडीतलं वाक्य त्यांत नाही. उलट त्याला धर्मांध खुनी ठरवणाऱ्या क्लिपमध्ये पाणबुडी आहे आणि आपणहून डागलेली आरमारी क्षेपणास्त्रं नाहीत. कात्री कुठे लागते त्यावर निवाडा ठरतो. व्हिडिओत दोन्ही प्रसंग सलग, एकही फ्रेम न कापता ठेवायचे, हे आम्ही दोघांनी ठरवलं.

२० जानेवारी

कालच्याच संदर्भात. प्रेक्षक कुणाच्या डोळ्यांनी पाहतो आणि कुणाच्या बाजूने उभा राहतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक मरी स्मिथ यांनी १९९५ मध्ये चित्रपटातल्या पात्रांबद्दल लिहिताना नीट मांडला. २००० सालच्या चित्रपटाची सुरुवातच पोलंड, १९४४, पाऊस, छावणीचं फाटक आणि आईवडिलांपासून तोडलेला मुलगा अशी होते. हिरो अजून पडद्यावर आलेलाच नाही. पुढे मॅग्नेटोच्या विरोधात जाण्यासाठी प्रेक्षकाला आधी त्या मुलाचा हात सोडावा लागतो, आणि बरेच जण तो सोडत नाहीत.

२७ जानेवारी

किलमाँगर. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) च्या बाबतीत फॅनमधले वाद अधिक टोकदार आहेत, कारण इथे म्युटंटांचं रूपक नाही. गुलामगिरी, वसाहती, अमेरिकेतल्या ओकलंडमधलं पोरकं बालपण हे सगळं थेट नावानिशी आहे. त्याचं शेवटचं मागणं, बेड्यांपेक्षा मरण बरं म्हणून जहाजांवरून उड्या टाकणाऱ्या पूर्वजांसोबत मलाही समुद्रातच दफन करा, हे ऐकून थिएटरातून बाहेर पडताना हिरोपेक्षा त्याच्याबद्दल बोलणारे असंख्य निघाले. त्याचं म्हणणं असं की वाकांडा या जगापासून लपून राहिलेल्या आफ्रिकी देशाने आपली शस्त्रं जगभरच्या काळ्या लोकांच्या हाती द्यावीत. शिवाय चित्रपट हे म्हणणं निम्मं मान्यही करतो. वाकांडाचा राजा आणि हिरो टीचाला देशाची दारं उघडतो, ओकलंडमधली ती इमारत विकत घेतो.

मग तो व्हिलन का? कारण चित्रपट त्याच्याकडून काही गोष्टी करवून घेतो. शस्त्रतस्कर क्लॉने ओलीस धरलेल्या आपल्या साथीदार प्रेयसीला तो क्षणाचाही विचार न करता गोळी घालतो. राजा झाल्यावर वाकांडाच्या राजांना शक्ती देणाऱ्या औषधी वनस्पतीची बाग जाळायला लावतो आणि नकार देणाऱ्या वृद्धेचा गळा धरून तिला वर उचलतो.

अनेकांचा, विशेषतः काळ्या स्त्रियांचा, मुद्दा असा की मुक्तीची भाषा बोलणारा हा माणूस काळ्या बायकांना किती स्वस्तात संपवतो ते पाहा, मग त्याच्या राज्यात मुक्त कोण होणार ते सांगा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हे प्रसंग लेखकांनी मुद्दाम घुसवले आहेत. त्याचं म्हणणं खोडता येत नाही म्हणून त्याच्या हातून एखादी स्त्री मारायची, की प्रेक्षक आपोआप बाजूला होतो.

खरी गोम इथे आहे असं मला वाटतं. ‘त्याने केलं’ आणि ‘त्याच्याकडून करवून घेतलं’ यांतला हा झगडा आहे. व्हिलनबद्दलच्या जवळपास प्रत्येक वादात खोल गेलं की हाच सापडतो. एक गट पात्राला माणूस मानून त्याच्या कृत्यांचा हिशेब मागतो. दुसरा गट पडद्यामागे बसलेल्या लेखकाला जाब विचारतो. दोघं एकाच प्रसंगाबद्दल बोलतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात वेगवेगळी माणसं उभी करतात, त्यामुळे वाद कितीही ताणला तरी मिटत नाही.

२९ जानेवारी

स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेलं तीन प्रकारचं वाचन (दिलेला अर्थ स्वीकारणं, तडजोडीने वाचणं, उलट वाचणं) लावून पाहिलं. मी गोळा केलेलं बहुतेक सगळं मधल्या खणात पडतं. स्क्रिप्टमध्ये एका वाक्यापुरतं ठेवते.

३ फेब्रुवारी

थॅनोस. इथे काम भराभर झालं, कारण त्याच्या समर्थनात आकडेमोड जास्त आणि जिव्हाळा कमी. २०१८ मध्ये जगाची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती. ती निम्मी केली की ३८० कोटी, म्हणजे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं जग. तेव्हा संसाधनांचा प्रश्न सुटलेला होता का? विश्वाचा समतोल साधायचा म्हणून निम्मे जीव संपवणाऱ्याची योजना मनुष्याच्या बाबतीत अर्धशतकही टिकत नाही. संसाधनं दुप्पट का केली नाहीत, हा प्रश्न तर कितीतरी प्रेक्षकांच्या मनात थिएटरातच आला.

त्याच्या नावाने उभा राहिलेला मोठा फॅनसमूह बहुतांशी खेळकर होता. जुलै २०१८ मध्ये रेडिटवरच्या त्या समूहाने आपलेच निम्मे सदस्य, तीन लाखांहून अधिक, स्वखुशीने बाहेर काढून घेतले आणि लोकांना त्यात मजा आली. जिनोशाबद्दल असा खेळ कुणी खेळणार नाही. समर्थनाची धाटणीच वेगळी आहे, हे व्हिडिओत स्पष्ट म्हणायचं.

एका जागी मात्र थांबावं लागलं. ‘इन्फिनिटी वॉर’ (२०१८) मध्ये वॉर्मिर ग्रहावर थॅनोस आपल्या मानलेल्या मुलीला, गमोराला, कड्यावरून फेकतो आणि योजनेसाठी हवा असलेला सोल स्टोन त्याच्या हाती येतो. स्टोन मिळतो तो प्रेमाचं बलिदान दिल्यावरच, अशी अट आहे. म्हणजे चित्रपटाच्या नियमानुसार त्याचं तिच्यावर प्रेम होतं हे सिद्ध झालं. काही फॅन इथे त्याच्यासाठी हळहळतात. पण ज्यांनी घरात प्रेमाच्या नावाखाली मार सोसला आहे असे काही प्रेक्षक लिहितात की हा प्रसंग त्यांना पाहवत नाही, कारण पडद्यावरचं विश्वच मारणाऱ्याच्या बाजूने साक्ष देतं. गमोरा शेवटपर्यंत सांगत असते की हे प्रेम नाही. मी गमोराचं मानते. स्टोनच्या साक्षीला माझ्या लेखी किंमत नाही.

‘एंडगेम’ (२०१९) मध्ये २०१४ चा थॅनोस आपली योजना फसणार हे कळल्यावर सगळं विश्व अणुरेणूपर्यंत मोडून नवं, कृतज्ञ विश्व घडवायचं ठरवतो. कृतज्ञता हवी असणाऱ्याला समतोलाशी देणंघेणं नव्हतं. इथे लेखकाने करवून घेतलं असं मला वाटत नाही. ‘इन्फिनिटी वॉर’मधल्या त्याच्या वागण्यात हे होतंच.

८ फेब्रुवारी

फॅनफिक्शन वाचतेय. किनाऱ्यावरच्या त्या ताटातुटीला फॅन ‘बीच डिव्होर्स’ म्हणतात आणि तिची दुरुस्ती करणाऱ्या कथा भरपूर आहेत. मी वाचलेल्या कथांमध्ये बहुधा गोळी बदलते. सीआयएच्या मोइराने झाडलेली, एरिकने वळवलेली आणि झेवियरच्या मणक्यात शिरलेली ती गोळी चुकते, किंवा एरिक थांबतो, मित्राला उचलून घरी नेतो. क्षेपणास्त्रांचं काय झालं हे कथा पटकन उरकते. फॅनना दुरुस्त करावीशी वाटते ती मैत्री. राजकारण दुरुस्त करायला फारसं कुणी धजावत नाही, आणि त्यात मला त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. त्या प्रश्नाचं सोपं उत्तर त्यांनाही लिहिता आलेलं नाही, म्हणून खोटं लिहिलंही नाही.

१२ फेब्रुवारी

‘करवून घेतलं’ या युक्तिवादाची आज मॅग्नेटोवर परीक्षा घेतली. ‘द लास्ट स्टँड’ (२००६) मध्ये त्याची साथीदार मिस्टिक त्याच्यासाठी म्युटंटपण घालवणाऱ्या औषधाची सुई अंगावर झेलते आणि तिची शक्ती जाते. तू आता आमच्यातली नाहीस, असं म्हणून तो तिला जमिनीवर तशीच टाकून जातो. कितीतरी फॅन हा प्रसंग मोजायलाच तयार नाहीत. वाईट लिहिलेला चित्रपट, पात्राशी विसंगत, विषय संपला.

पण २००० चा पहिला चित्रपट सगळे मानतात, आणि त्यात स्पर्शाने इतरांची शक्ती शोषणारी रोग (Rogue) नावाची मुलगी आहे. जागतिक नेत्यांना म्युटंट करणारं यंत्र चालवायला मॅग्नेटोची शक्ती लागते, पण पूर्ण ताकदीने चालवलं तर चालवणारा मरेल. म्हणून तो आपली शक्ती स्पर्शाने रोगला देतो आणि तिला त्यात बांधतो. ती शाळकरी वयाची म्युटंट आहे. जिच्यासाठी लढायचं तीच. झेवियरच्या बाजूचा वुल्व्हरिन त्याला तोंडावर सुनावतो की तुझी नीयत एवढी साफ असती तर त्या यंत्रात तू स्वतः असतास.

हे लेखकाने बाहेरून डकवलेलं नाही. यंत्र, किंमत, रोग, सगळं कथेच्या गाभ्यात आहे. आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर रोगचं बलिदान देताना मॅग्नेटो तिच्यासाठी हळहळतोही, छावणीतल्या त्या मुलाचंच हे मन आहे हे इयन मॅकेलनच्या चेहऱ्यावर दिसतं. त्याला किंमत कळते. ती तो दुसऱ्याकडून वसूल करतो. किलमाँगर प्रेयसीकडून, थॅनोस मुलीकडून.

तेव्हा माझी भूमिका आज अशी: लेखकाला जाब विचारणं रास्त आहे, पण त्यामुळे प्रसंग पुराव्यातून बाद होत नाही. बाद करायचाच तर तो उरलेल्या कथेशी जुळत नाही हे दाखवावं लागेल. मिस्टिकचा प्रसंग रोगच्या प्रसंगाशी पुरेपूर जुळतो, तेव्हा तो राहणार.

१८ फेब्रुवारी

फॅनच्या हातातला सर्वांत बळकट पुरावा शेवटी ठेवला होता. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ (२०१४). त्यातल्या भविष्यात छावण्या आहेत, म्युटंटांना शोधून मारणारे सेंटिनल यंत्रमानव आहेत, प्रेतांचे ढीग आहेत. मॅग्नेटोने जे जे सांगितलं ते घडलेलं आहे. इतक्या उघडपणे क्वचितच एखादा चित्रपट व्हिलनला खरा ठरवतो.

मग त्याच चित्रपटाची दुसरी बाजू. ते भविष्य घडतं कशामुळे? १९७३ मध्ये मिस्टिक सेंटिनल बनवणाऱ्या ट्रास्कला ठार मारते, लोकांची भीती खरी ठरते आणि सेंटिनलना मंजुरी मिळते. ते टळतं कशामुळे? ती गोळी न झाडता निघून जाते तेव्हा. आणि भविष्यातला जखमी, म्हातारा मॅग्नेटो झेवियरला म्हणतो की एकमेकांशी लढण्यात एवढी वर्षं वाया घालवली, त्यातली थोडी तरी परत मिळायला हवी होती. मॅग्नेटो बरोबर होता म्हणणाऱ्यांनी मॅग्नेटोचं हेही ऐकावं.

यावर माझ्या बाजूच्या लोकांचा एक सवाल आहे आणि तो मला झटकता येत नाही. ट्रास्क म्युटंटांना कापून त्यांच्यावर प्रयोग करतो. त्याला जिवंत सोडलं, राष्ट्राध्यक्षाचा जीव वाचवला, कॅमेऱ्यासमोर सभ्य वागून दाखवलं, मगच जगाने म्युटंटांना जगू दिलं. जगण्याचा हक्क मिळवायला आधी चांगलं वागून दाखवण्याची ही अट नेहमी मार खाणाऱ्यालाच का? तिकडे ‘एक्स-मेन ९७’ मधल्या जिनोशात कुणीही कुणावर हात उगारला नव्हता. तरी सेंटिनल आलेच.

मित्राचं म्हणणं होतं की या सवालानंतर थेट ‘एक्स-मेन ९७’ मधल्या जिनोशाच्या शॉट्सवर जावं, परिणाम जबरदस्त होईल. मी नको म्हटलं. तसं केलं तर आम्हीच कात्री लावून निवाडा दिल्यासारखं होईल, आणि १९ जानेवारीला ठरवलेलं मोडेल. सवाल निवेदनात पूर्ण वाचायचा, त्यानंतर रोगचा यंत्रातला प्रसंग पूर्ण लांबीचा, वुल्व्हरिनच्या वाक्यासकट. दोन्हींच्या मध्ये आमचं एकही वाक्य नाही. संगीतही नाही. उद्यापासून आवाज रेकॉर्ड करायला घेतोय.